वाचकांचे प्रश्न : लिस्बनला राहायला गेल्यावर

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच शहराविषयीची आहेत. कुणी लिस्बनला नुकतेच पोहोचले आहे, कुणी निघायच्या तयारीत आहे, तर कुणाचे माणूस तिकडे गेल्यामुळे घरात काळजी आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालच्या कायद्यानुसार तिथले नागरिकत्व मागता येते. त्यामुळे ही वाट आता सासष्टी-बारदेशापुरती राहिलेली नसून डिचोली, सत्तरी, फोंडा आणि पेडणे येथील घरांतूनही मुले तिकडे जात आहेत. नागरिकत्वाचे कागद कसे करावेत हे सांगणारे गावोगावी भेटतात. मात्र विमानातून उतरल्यानंतरचे पहिले वर्ष कसे काढावे, याविषयी सांगणारे फारच थोडे आहेत. म्हणून या वेळी त्या पहिल्या वर्षाविषयीच्या निवडक पत्रांना उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : आजीच्या जन्माच्या आधारे वडिलांची आणि नंतर माझी नोंद होऊन मला पोर्तुगालचे नागरिकत्व मिळाले. मी सध्या लिस्बनमध्ये मार्तिं मुनीजजवळ आपल्याच भागातील चौघांबरोबर एका खोलीत राहतो. खोलीचे भाडे आम्ही एका माणसाच्या हातात रोख देतो. करार नाही आणि पावतीही नाही. बँकेत, आरोग्य केंद्रात, नोकरीच्या ठिकाणी, जिथे जावे तिथे पत्त्याचा पुरावा मागतात. खोली देणारा माणूस म्हणतो की पैसे दिले तर तो दुसऱ्या एका घराच्या पत्त्याचा कागद मिळवून देईल. तसे करावे का? — एक तरुण, मूळ गाव डिचोली तालुका

उत्तर : करू नये. त्या कागदासाठी एक युरोही देऊ नका. लिस्बनमध्ये एकाच घराच्या पत्त्यावर अनेक अनोळखी माणसांची नोंद झाल्याची प्रकरणे उघडकीस आलेली आहेत, आणि अशा प्रकरणात कागद विकणारा बाजूला राहून ज्याच्या नावाचा कागद आहे तोच अडकतो. शिवाय, नियमाचा विचार घटकाभर बाजूला ठेवला तरी तो पत्ता तुमच्या उपयोगाचा नाही, आणि त्याचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे.

तुमच्याजवळ जे नागरिक ओळखपत्र आहे, ज्याला तिथे ‘कार्तांव द सिदादांव’ म्हणतात, त्यावर कर क्रमांक, सामाजिक सुरक्षेचा क्रमांक आणि आरोग्य सेवेचा क्रमांक असे तिन्ही क्रमांक छापलेले असतात. त्यामुळे अनेकांचा समज होतो की कार्ड हातात आले म्हणजे काम संपले. वास्तविक त्या कार्डाशी जोडलेला पत्ता बहुतेक वेळा गोव्यातला असतो आणि कर कार्यालयाच्या दृष्टीने तुम्ही अजून परदेशात राहणारे असता. पत्ता बदलण्याचा अर्ज केल्यावर नव्या पत्त्यावर टपालाने एक पत्र येते, त्यात संकेतांक असतो, आणि तो वापरून पत्ता पक्का केल्याशिवाय बदल पूर्ण होत नाही. कर कार्यालयाच्या संकेतस्थळाचा परवलीचा शब्दही असाच टपालाने घरी येतो. म्हणजे पत्ता कागदावर असून भागत नाही, त्या पत्त्यावर आलेला लिफाफा तुमच्या हातात पडावा लागतो.

आता तिथल्या जुन्या इमारतीचा दरवाजा डोळ्यांसमोर आणा. आत शिरल्यावर भिंतीला पत्र्याच्या पेट्यांची ओळ असते आणि पेट्यांवर सहसा माणसांची नावे नसतात. तिसरा मजला डावी बाजू, तिसरा मजला उजवी बाजू, एवढेच लिहिलेले असते. पत्त्यात मजला आणि बाजू लिहायची राहिली, किंवा त्या घरात राहणाऱ्याला तुमचे नाव ठाऊक नसले, तर पत्र परत जाते किंवा पेट्यांच्या वरच्या फळीवर धूळ खात पडते. दुसऱ्याच्या घराचा पत्ता विकत घेतलेल्या माणसाची कितीतरी महत्त्वाची पत्रे अशीच जातात. म्हणून तुम्ही सध्या जिथे आहात तिथला पत्ता लिहितानाही घर क्रमांक, मजला, बाजू आणि चार व तीन अशा आकड्यांचा पिनकोड, या सर्व गोष्टी प्रत्येक अर्जावर एकसारख्या लिहाव्यात.

तुमच्यापुढचे खरे काम दुसरी खोली शोधण्याचे आहे, आणि पगारातला जास्तीत जास्त भाग पहिले काही महिने त्यासाठीच बाजूला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. घरमालकाने भाडेकरार कर कार्यालयात नोंदवायचा असतो आणि दरमहा भाड्याची पावती द्यायची असते. खोली दाखवायला आलेल्या माणसाला पहिल्याच भेटीत ‘करार आणि पावती मिळेल का’ असे विचारा. जो टाळाटाळ करील त्याच्या खोलीत भाडे कमी असले तरी जाऊ नका. मूळ भाडेकरूच पोटभाडेकरू ठेवत असेल तर त्याला मालकाची संमती आहे का, हेही पाहावे. मालक बहुधा जामीनदार मागतात. नव्या माणसाजवळ तो नसतो, आणि मग आगाऊ भाड्यावर बोलणे येते. २०२३ च्या कायद्याने आगाऊ भाड्याला आणि अनामतीलाही प्रत्येकी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा घातली, हे बोलणी करताना लक्षात असू द्यावे.

आपली माणसे मार्तिं मुनीजच्या आसपास राहतात कारण तिथे आपली दुकाने आहेत आणि ओळखी आहेत. ते समजण्यासारखे आहे. परंतु शहराच्या मध्यभागी खोलीला जे पैसे पडतात त्यांत आमादोरा, ओदिव्हेलश, सिंत्राच्या रेल्वेमार्गावरील उपनगरे किंवा नदीपलीकडील आल्मादा आणि बारैरू येथे करार असलेली चांगली खोली मिळण्याची शक्यता अधिक असते. ‘नाव्हेगांत’ हा महानगरी मासिक पास ४० युरोंचा आहे आणि लिस्बन परिसरातील १८ नगरपालिकांमध्ये बस, मेट्रो, उपनगरी रेल्वे आणि नदीवरच्या फेरीबोटी या सर्वांवर तो चालतो. फोंड्याहून पणजीला रोज कामाला जाणाऱ्या माणसाला त्या प्रवासाचे ओझे वाटण्याचे कारण नाही.

करार हातात आल्यावर क्रम असा ठेवा. आधी ओळखपत्रावरचा पत्ता बदलावा आणि पत्र आल्याबरोबर तो पक्का करावा. मग कर कार्यालयात आपण रहिवासी म्हणून नोंदले गेलो आहोत याची खात्री करावी. त्यानंतर त्या भागातील आरोग्य केंद्रात नाव नोंदवावे. कुठे रहिवासी दाखला मागितला तर तो तुमच्या भागातील ‘जुंता द फ्रेगेझिया’ देते, आपल्याकडे पंचायत देते तसाच. त्यासाठी कोणते कागद लागतात हे प्रत्येक जुंता थोडे वेगळे सांगते, म्हणून रांगेत उभे राहण्यापूर्वी विचारून घ्यावे. एक गोष्ट मात्र आजच करा, तिला पत्ता लागत नाही: ८०८ २४ २४ २४ हा सरकारी आरोग्य सेवेचा दूरध्वनी क्रमांक फोनमध्ये साठवून ठेवा. ताप, दुखणे अशा वेळी आधी तिथे बोलता येते आणि कुठे जावे ते कळते. आणीबाणीसाठी ११२ आहे.

प्रश्न : मी संगणक क्षेत्रातील नोकरीसाठी भारतीय पासपोर्टवर लिस्बनला आले आहे. लोक मला सांगत होते की तिथे थंडी फारशी नसते. प्रत्यक्षात डिसेंबरमध्ये घरात रस्त्यापेक्षा जास्त गारठा असतो, भिंतींना बुरशी येते आणि सतत आजारी असल्यासारखे वाटते. कार्यालयात सगळे इंग्रजी बोलतात, त्यामुळे पोर्तुगीज शिकायची गरज पडलेली नाही. पण शनिवार-रविवारी दोन दिवस मी कुणाशीही बोलत नाही. हे असेच चालायचे का? — एक वाचक, म्हापसा

उत्तर : तुम्ही दोन प्रश्न विचारले आहेत आणि ते एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून आधी घराविषयी लिहिते.

लिस्बनमध्ये बर्फ पडत नाही हे खरे, परंतु तिथल्या जुन्या घरांत उष्णतेची सोय नसते, भिंती गारठा धरून ठेवतात आणि पाऊस नेमका थंडीतच पडतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस आणि मग कोरडी थंडी. तिथे जुलै-ऑगस्ट जवळजवळ कोरडे आणि ऑक्टोबरपासून पुढे ओल. गोव्यातल्या माणसाला बुरशी नवी नाही, तरी आपल्या घरांना व्हरांडे असतात, खिडक्या दिवसभर उघड्या असतात आणि ओल वाऱ्याबरोबर निघून जाते. तिथे थंडीच्या भीतीने आपण खिडकी बंद ठेवतो, आतच स्वयंपाक करतो, आतच कपडे वाळत घालतो आणि ती सगळी वाफ भिंतीवर बसते. दुपारी ऊन असताना घराच्या दोन्ही बाजूंच्या खिडक्या थोडा वेळ सताड उघडाव्यात, कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे आणि गादी जमिनीवर टाकू नये. हवेतील ओल शोषणारे विजेवरचे यंत्र तिथे सर्वसाधारण दुकानांत मिळते. पहिल्या हिवाळ्यात हीटरच्या आधी ते घ्यावे, कारण ओल गेली की तीच थंडी निम्मी वाटते. बुरशी मोठी असेल तर तिची छायाचित्रे तारखेसह घरमालकाला लेखी पाठवा. बुटांचे तळवे पाहूनच बूट घ्या: तिथले पदपथ गुळगुळीत पांढऱ्या दगडी तुकड्यांचे आहेत, शहर चढ-उतारांचे आहे, आणि पावसात नवी माणसे हमखास घसरतात.

आता तुमच्या एकटेपणाविषयी. इंग्रजीवर कार्यालय चालते, परंतु इमारत, गल्ली, भाजीवाला, औषधांचे दुकान आणि वरच्या मजल्यावरची आजी यांचा व्यवहार पोर्तुगीजमध्ये चालतो, आणि शनिवार-रविवारी तुमच्या भोवती हीच माणसे असतात. तुम्ही त्या शहरात कामाला आहात, पण अजून त्या गल्लीत राहायला आलेल्या नाहीत. प्रौढ परदेशी नागरिकांसाठी सरकारी योजनेतून पोर्तुगीजचे विनामूल्य वर्ग चालतात. सार्वजनिक शाळांत आणि सरकारी रोजगार व प्रशिक्षण संस्थेच्या केंद्रांत ते असतात, काही वर्ग संध्याकाळी भरतात. फोनवरील धड्यांपेक्षा मी या वर्गांना महत्त्व देते, कारण तिथे शेजारच्या बाकावर नेपाळहून आलेली बाई आणि युक्रेनहून आलेला मुलगा असतो, आणि तुमच्याइतकेच त्यांनाही कुणाशी तरी बोलायचे असते. पोर्तुगालमधली माणसे बोलताना स्वर गिळतात, म्हणून सुरुवातीला काहीच कळत नाही; ब्राझीलच्या लोकांचे बोलणे त्या मानाने मोकळे असते आणि लिस्बनमध्ये ब्राझीलचे लोक पुष्कळ आहेत. कान तयार करण्यासाठी त्यांच्याशी अवश्य बोलावे.

एक छोटी सवय पहिल्या आठवड्यापासून लावून घेण्यासारखी आहे. तिथे माणूस लिफ्टमध्ये शिरताना, दुकानात पाऊल टाकताना आणि डॉक्टरकडे बसलेल्या अनोळखी लोकांसमोर येतानाही मोठ्याने ‘बोम दिया’ म्हणतो. न बोलता आत येणारा माणूस त्यांना तुटक वाटतो. आपल्याकडे अनोळखी माणसाला असा नमस्कार घालण्याची रीत नाही, त्यामुळे आपण मान खाली घालून जातो आणि मग वाटते की इथली माणसे आपल्याशी बोलत नाहीत. घराजवळचा एकच कॅफे धरा, रोज त्याच वेळी तिथे उभे राहून कॉफी घ्या आणि काउंटरवरील माणसाला नमस्कार करा. महिन्याभरात तो तुम्हाला विचारू लागेल की काल का आला नाहीत.

तुमचा निवास परवाना हा निराळा विषय आहे, तरी एक सूचना देते. पूर्वीचे परदेशी नागरिक कार्यालय बंद होऊन ऑक्टोबर २०२३ पासून ‘आयमा’ ही संस्था ते काम पाहते आणि तिथली प्रतीक्षा लांबलेली आहे. परवान्याची मुदत, अर्जाची पोच आणि पैसे भरल्याची पावती यांच्या प्रती कायम जवळ ठेवाव्यात, आणि परवान्याची मुदत संपत आलेली असताना चवथीसाठी (गणेशचतुर्थीसाठी) गोव्याचे तिकीट काढण्यापूर्वी परत प्रवेश मिळण्याविषयी खात्री करून घ्यावी.

प्रश्न : एका उपाहारगृहात काम मिळाले आहे. मालक म्हणतो की करार नको, मी ‘रेसीबु व्हेर्द’ द्यावा म्हणजे हातात जास्त पैसे येतील. हे बरोबर आहे का? — एक वाचक, सत्तरी

उत्तर : ‘रेसीबु व्हेर्द’ म्हणजे स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याने द्यायची पावती. तुम्ही मालकाच्या स्वयंपाकघरात, त्याने ठरवलेल्या वेळेत, त्याच्या भांड्यांनी काम करणार असाल तर तुम्ही स्वतंत्र व्यावसायिक नाही, नोकर आहात, आणि नोकराला करार मिळाला पाहिजे.

पैशांचा हिशेबही मालक सांगतो तसा नाही. करारावरील कामगाराच्या पगारातून सामाजिक सुरक्षेसाठी ११ टक्के कापले जातात आणि मालक स्वतःच्या खिशातून २३.७५ टक्के भरतो. पावतीवर काम करणाऱ्याला साधारणपणे पहिले १२ महिने सूट असते, म्हणून सुरुवातीला हातात जास्त पैसे दिसतात. त्यानंतर मिळकतीच्या ठरावीक भागावर २१.४ टक्के त्याला स्वतःला भरावे लागतात. करार असेल तर बारा महिन्यांच्या पगाराशिवाय सुट्टीचा आणि नाताळचा असे आणखी दोन पगार कायद्याने मिळतात. पावतीवर ते मिळत नाहीत. २०२५ साली पोर्तुगालमधील किमान वेतन दरमहा ८७० युरो होते आणि तेही अशा चौदा पगारांच्या हिशेबाने. आजारपण आणि अपघात यांचा विचार केला तर करार नसलेले काम आणखी महाग पडते. दुसरे काम मिळेपर्यंत हे काम करावे लागले तर कुणी दोष देणार नाही, परंतु दुसरे काम शोधणे पहिल्या दिवसापासून चालू ठेवा, आणि कामाच्या तासांची स्वतःची नोंद वहीत रोज लिहा.

प्रश्न : माझ्या यजमानांनी पोर्तुगालचे नागरिकत्व घेतले असून ते लिस्बनला आहेत. आमचे फोंडा तालुक्यात घर आणि सासऱ्यांच्या नावे कुळागर (पोफळी-नारळाची बागायत) आहे. यजमान आता भारतीय नाहीत म्हणजे पुढे कुळागराचे काय होणार? मी आणि मुलांनीही तिकडे जावे असे ते म्हणतात. मला भारतीय नागरिकत्व सोडायचे नाही. — एक गृहिणी, फोंडा

उत्तर : वहिनी, तुमच्या यजमानांनी नागरिकत्व बदलले म्हणून तुमचे बदलत नाही, हे आधी मनाशी पक्के करा. भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार जो स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतो त्याचेच भारतीय नागरिकत्व संपते. तुम्ही भारतीय राहून, पोर्तुगीज नागरिकाची पत्नी म्हणून तिथे राहण्याचा परवाना मागू शकता. त्यासाठी तुमच्या विवाहाची नोंद पोर्तुगालच्या दप्तरात झालेली असावी लागते. गोव्यात विवाह नोंदणी निबंधकाकडे रीतसर होते, त्यामुळे तुमच्याजवळ मूळ कागद असणारच. दाखल्यावरचे आणि पासपोर्टवरचे नावांचे स्पेलिंग अक्षर न अक्षर जुळते का, ते यजमानांनी अर्ज करण्यापूर्वी तुम्ही स्वतः तपासा. आडनाव, वडिलांचे नाव आणि लग्नानंतर बदललेले नाव यांतल्या एका अक्षराच्या फरकामुळे कुटुंबे महिनोन्महिने ताटकळतात.

यजमानांनी भारतीय पासपोर्ट परत केला आहे का, हे विचारा. परदेशी नागरिकत्व घेतल्यावर तो जवळ ठेवणे किंवा वापरणे हा गुन्हा आहे, आणि मतदार यादीतील नावही काढून घ्यावे लागते. त्यानंतर ते परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांसाठीच्या ‘ओसीआय’ कार्डासाठी अर्ज करू शकतात. त्या कार्डावर भारतात येण्या-जाण्यासाठी आजीवन व्हिसा मिळतो, मात्र मतदान करता येत नाही, सरकारी नोकरी मिळत नाही आणि शेतजमीन, बागायत किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारशाने येणारी जमीन ही विकत घेतलेली जमीन नव्हे, त्यामुळे सासऱ्यांनंतर कुळागरातील वाटा यजमानांकडे येण्यात नागरिकत्वाचा अडथळा सहसा नसतो. शिवाय गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतील कुटुंबविषयक नियम आजही लागू आहेत. लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामायिक धरली जाते आणि विक्रीला दोघांचीही संमती लागते. म्हणून यजमानांनी कुणालाही कुलमुखत्यारपत्र देण्यापूर्वी आणि तुम्ही कुठल्याही कागदावर सही करण्यापूर्वी, दोघांनी मिळून इनव्हेंटरीची, म्हणजे वारसा-वाटणीची, कामे करणाऱ्या गोव्यातील वकिलाला मालमत्तेचे कागद एकदा दाखवावेत.

जायचे की नाही, हे मी तुम्हाला सांगू शकत नाही. एवढे मात्र आग्रहाने सांगते की यजमानांच्या नावावर करार असलेले घर होईपर्यंत मुलांना नेऊ नका. मुलांना शाळेत प्रवेश राहत्या पत्त्यानुसार मिळतो, आणि सहा महिन्यांत घर बदलले की शाळाही बदलण्याची वेळ येते.

प्रश्न : मुलगा जानेवारीत लिस्बनला गेला. पहिल्यांदा रोज फोन करायचा, आता चार-चार दिवस करत नाही आणि केला तरी ‘सगळे बरे आहे’ एवढेच म्हणतो. गावातले एक गृहस्थ पुढच्या महिन्यात तिकडे जाणार आहेत, त्यांच्याबरोबर त्याला काय पाठवावे? चवथीला तो येऊ शकेल का? — एक आई, पेडणे

उत्तर : ताई, वस्तूंविषयी आधी सांगते, कारण ज्यांच्याबरोबर पाठवणार त्यांची विमानतळावर अडचण होता कामा नये. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणून घरचे तूप, पेढे आणि खव्याची मिठाई पाठवू नका. ताज्या फळांना आणि पाल्याला आरोग्य प्रमाणपत्र लागते, त्यामुळे मानकुराद आंबे आणि कढीपत्ता हेही नको. नारळाला मात्र त्या प्रमाणपत्रातून सूट आहे. सुकी सुंगटे आणि सुके बांगडे स्वतःच्या खाण्यापुरते चालतात, पण ते घट्ट बांधून पाठवावेत. सोलां (आमसुले), मसाला आणि पोहे पाठवण्यास हरकत नाही. डाळ, तांदूळ, पीठ यांचे वजन पाठवू नका; मार्तिं मुनीजच्या दुकानांत हे सगळे मिळते, बांगलादेशी दुकानांत उकडा तांदूळही मिळतो.

आणि मासळीची चिंता करू नका. युरोपीय संघात दरडोई सर्वाधिक मासळी पोर्तुगालमध्येच खाल्ली जाते. तारले तिथे जूनमध्ये भरपूर येतात, बांगड्याच्याच कुळातला ‘काव्हाला’ स्वस्तात मिळतो आणि आपल्या हुमणाला (माशांच्या आमटीला) चांगला लागतो. रविवारी होड्या जात नाहीत म्हणून सोमवारी बाजारात ताजी मासळी नसते, एवढे त्याला सांगून ठेवा. हुमण कसे करायचे ते फोनवर त्याला विचारू द्या. ‘जेवलास का’ या प्रश्नाला ‘हो’ एवढेच उत्तर येते, पण ‘आमसुलाऐवजी तू काय घातलेस’ असे विचारले की मुलगा बोलायला लागतो.

फोन कमी झाला याची कारणे बहुधा साधी असतात. हिवाळ्यात आपले घड्याळ तिथल्यापेक्षा साडेपाच तास पुढे असते आणि मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार तास. उपाहारगृहातील कामगार रात्री अकरा-बाराला सुटतो, तेव्हा तुमच्याकडे पहाट असते, आणि तुम्हाला उठवू नये म्हणून तो फोन करत नाही. त्याच्या साप्ताहिक सुट्टीचा वार विचारून घ्या आणि त्या दिवशीची एक वेळ ठरवा. ‘सगळे बरे आहे’ असे तो म्हणतो त्यामागे एक गोष्ट असू शकते, ती तुम्ही मनाला लावून न घेता ऐकावी. घरचे दागिने गहाण ठेवून किंवा कर्ज काढून गेलेल्या मुलाला आपण खोलीत पाचजण राहतो हे सांगायची लाज वाटते. पैसे कधी पाठवणार, हे पहिले वर्षभर घरातून कुणीही विचारू नये. गावातील दुसऱ्या कुणाचा मुलगा किती पाठवतो हे तर मुळीच सांगू नये. त्याऐवजी त्याला विचारा की तुझ्या नावावर घराचा करार झाला का. तो झाला असेल तर तो रुळतो आहे असे समजावे, आणि झाला नसेल तर त्याच्याकडून पैशांची अपेक्षा ठेवण्याची ही वेळ नव्हे.

चवथीविषयी: पोर्तुगालमध्ये नोकरीच्या पहिल्या वर्षी दर महिन्याला दोन दिवस या हिशेबाने सुट्टी साठते आणि सहा महिने पूर्ण झाल्यावर ती घेता येते. त्याने जानेवारीत काम धरले असेल तर जुलैनंतर त्याला हक्काची सुट्टी आहे. सुट्ट्यांचा तक्ता मालकाने १५ एप्रिलपर्यंत लावायचा असतो आणि ऑगस्ट-सप्टेंबर हे तिथे पर्यटनाच्या गर्दीचे महिने आहेत, म्हणून चवथीच्या तारखा त्याने मार्चमध्येच लेखी मागाव्यात. यंदा मिळाली नाही तर लिस्बनमधील राधाकृष्ण मंदिरात जायला त्याला सांगा. ते प्रामुख्याने गुजराती समाजाचे आहे, त्यातील बरीच कुटुंबे मोझांबिकमधून आलेली आहेत, आणि सणाला आलेल्या परक्या मुलालाही तिथे आपल्यासारखी चार माणसे भेटतात. गोव्याहून गेलेल्यांची ‘काझा द गोवा’ ही संस्थाही शहरात आहे.

प्रश्न : लिस्बनला चार महिने झाले, मन लागत नाही. भावाचे मित्र स्विंडनला आहेत. पोर्तुगालच्या पासपोर्टवर इंग्लंडला जाऊन काम करता येईल का? — एक वाचक, मुक्काम लिस्बन

उत्तर : नव्याने जाणाऱ्याला येत नाही. युरोपीय पासपोर्टवर इंग्लंडमध्ये जाऊन राहण्याची आणि काम करण्याची मुभा ३१ डिसेंबर २०२० रोजी संपली. स्विंडनला जी गोमंतकीय मंडळी आहेत, त्यांतील बहुतेक त्याआधी गेलेली आहेत. आता कामासाठी इतरांप्रमाणे व्हिसा लागतो, आणि एप्रिल २०२५ पासून नुसते फिरायला जायलाही आधी ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. त्या परवानगीवर नोकरी करता येत नाही. कुणी एजंट ‘जाऊन तर पाहा, नंतर बघू’ म्हणत असेल तर त्याला पैसे देऊ नका.

युरोपीय संघातील दुसऱ्या देशात तुम्ही जाऊ शकता, मात्र तीन महिन्यांपेक्षा जास्त राहायचे तर बहुतेक ठिकाणी नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी पुन्हा तिथला पत्ता लागतो. चार महिन्यांपैकी बराच काळ हिवाळ्यातला असेल, तर जूनपर्यंत थांबा आणि तोवर भाषेच्या वर्गात नाव घाला. त्यानंतरही जावेसे वाटले, तर जाण्यापूर्वी लिस्बनमधील भाडेकरार रीतसर संपवून अनामत परत घ्या आणि कर कार्यालयातला पत्ता बदलून मगच निघा.